बाळाबाईंना घातलेली शपथ

जुईनगरच्या बाळाबाई नवरा जिवंत असताना कधी उलटून बोलल्या नाहीत. तो गेल्यावर मात्र त्यांनी त्याची अशी काही हजेरी घ्यायला सुरुवात केली, की समोरच्या बिल्डिंगीतल्या बायका गॅसवरचं दूध तसंच सोडून खिडकीत येऊन उभ्या राहायच्या. रोज सकाळी चहा झाला की बाळाबाई स्वयंपाकघराच्या ग्रिलपाशी जायच्या आणि तोंडाचा पट्टा सोडायच्या. आता मेलेल्या माणसाची हजेरी घेतात तरी कशी, असं कुणी विचारेल. तीच तर गंमत आहे.

नवरा, बाबासो, तसा माणूस वाईट नव्हता, पण तापट. कोरेगावकडून तरणेपणी आला, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून पाठीवर गोणी वाहिल्या, जुईनगरात दोन खोल्यांचं घर केलं आणि दोन पोरं शिकवली. मार्केटात मुकादम काय बोलेल ते मान खाली घालून ऐकायचं आणि घरी येऊन तेच सगळं बायकोला ऐकवायचं, हा त्यांचा शिरस्ता. बाळाबाई ऐकून घ्यायच्या. माणूस दमून येतो, म्हणायच्या. रिटायर झाल्यावर दमायला काही कारण उरलं नाही, तरी ऐकवणं चालूच राहिलं. सवय हो, दुसरं काय.

थोरल्या उदयसिंहानं ऑफिसातल्या क्रांतीशी रजिस्टर लग्न केलं. मुलगी चिपळूणकडची, बौद्ध घरातली. शिकलेली, कामाला वाघीण, बोलायला मोकळी. पण बाबासोंच्या डोक्यात जात बसलेली, आणि त्यांच्या डोक्यात एकदा बसलेलं काढणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमलं नसतं. नवराबायको पाया पडायला आली तेव्हा हा गृहस्थ दारात आडवा उभा राहिला. दोघं आल्या पावली परत गेली. मग बाबासोंनी बाळाबाईंचा हात धरला, आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "तुला माझी शपथ हाय. त्याच्या दाराची पायरी चढायची न्हाई, त्याच्याशी एक शबुद बोलायचा न्हाई."

शपथेचं कसं असतं, ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणावं लागतं. शाळेतली पोरंसुद्धा हे पाळतात. बाळाबाई वाट बघत राहिल्या. कराव्याला, उदयसिंहाच्या घरी, नात झाली तेव्हा त्यांना वाटलं, आज तरी म्हणतील. नात चालायला लागली, शाळेत जायला लागली, पण बाबासो काही म्हणाले नाहीत. धाकटा कुलदीप भावाकडे जाऊन यायचा आणि मोबाइलवर नातीचे, सुनयनाचे, फोटो दाखवायचा. फोटो बघायची शपथ नव्हती, म्हणून बाळाबाई बघायच्या, दोन बोटांनी मोठे करकरून बघायच्या. नवऱ्यापुढं मात्र 'सुटली म्हणा' एवढं म्हणायची त्यांची छाती झाली नाही. आणि एका दुपारी जेवण करून हॉलमध्ये खिडकीखाली आडवे झालेले बाबासो उठलेच नाहीत.

उदयसिंह आला. वर आला नाही, बिल्डिंगीखाली उभा राहिला आणि तिरडीला खांदा दिला. बाळाबाईंना वरून त्याची नुसती पाठ दिसली. पोराचे केस विरळ झाले होते. हाक अगदी ओठांवर आली आणि त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. त्या दिवशी त्या नवऱ्यासाठी रडल्या त्याहून जास्त त्या हाकेसाठी रडल्या, पण बघणाऱ्यांना त्यातलं काही कळलं नाही.

"आई, आता बाबाच राहिले नाहीत, तर शपथ कुणाची धरून बसलात?" कुलदीपची बायको मंजुषा म्हणाली. "चला, मी येते तुमच्याबरोबर कराव्याला."

"जित्या माणसाची शपथ पाया पडून तरी सोडवता येती," बाळाबाई म्हणाल्या. "गेलेल्याची कोण सोडवणार? मी मोडली तर तिकडं त्यांना गती मिळायची न्हाई."

मंजुषानं पायात घातलेल्या चपला परत काढून ठेवल्या.

बाबासोंची थोरली बहीण वेणूबाई गावाहून आली होती. दहावं झालं त्या संध्याकाळी तिनं रीतीप्रमाणं, माणूस जिथं गेलं त्या जागी दिवा लावला, दिव्याशेजारी ज्वारीचं पीठ चाळून पसरलं आणि वर टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलायची आणि पिठावर काय उमटलंय ते बघायचं. जे पाऊल दिसेल, त्या जातीचा जन्म गेलेल्याला मिळाला, असं जुनी माणसं मानतात. गावाकडं यासाठी वेळूची घट्ट टोपली असते. इथं घरात होती ती भाजीची प्लॅस्टिकची, बोटभर भोकांची. वेणूबाईनं नाक मुरडलं आणि तीच घातली. उकडत होतं म्हणून खिडकी उघडीच ठेवली.

सकाळी टोपली कलंडलेली होती. पिठावर तीन बोटं पुढं आणि एक मागं, अशी स्वच्छ पावलं उमटली होती, आणि थोडं पीठ कमीही झालं होतं. जुईनगरात पहाटे उघड्या खिडकीतून कोण आत येतं, हे जुईनगरात राहणाऱ्याला काय सांगायचं? पण वेणूबाई पडली गावची. ती हात जोडून म्हणाली, "पाखराचा जल्म मिळाला माझ्या भावाला. उडाला बिचारा." आणि बाळाबाईंनीही हात जोडले.

तेवढ्यावर गोष्ट संपली असती. पण दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि एक करडं कबुतर स्वयंपाकघराच्या ग्रिलमध्ये येऊन बसायला लागलं. ग्रिलमध्ये तुळशीची जुनी रिकामी कुंडी होती, ती त्यानं धरली. हुसकलं तरी जाईना. उलट छाती फुगवून, मान हलवत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायचं आणि बाळाबाई पोळ्या लाटत असल्या की वाकून बघायचं. पोळी करपते की काय ते बघायला बाबासो असेच वाकायचे. बाळाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

पहिले काही दिवस त्या नुसत्या दाणे टाकायच्या आणि बाजूला व्हायच्या. सोसायटीनं 'कबुतरांना खायला घालू नये' असा बोर्ड लावला होता, पण नवऱ्याला उपाशी ठेवा असं त्यावर कुठं लिहिलं नव्हतं. मग एका सकाळी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आवं, आमटीत मीठ कमी पडलं म्हणून तुमी ताट सरकवलं होतं, पाव्हण्यांदेखत. बरं न्हाई केलं." आणि त्या स्वतःच दचकल्या. आता काय होतंय, असं वाटून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कबुतर ‘गुटर्गू’ म्हणालं आणि दाणे टिपायला लागलं.

एवढंच? म्हणजे बोललं तरी काही होत नाही? बाळाबाईंना कुणी इतकी वर्षं हे सांगितलंच नव्हतं.

मग काय विचारता. रोज एक प्रकरण निघायला लागलं. माहेरच्या लग्नाला जाऊ दिलं नाही ते. ताप असताना मटण करायला लावलं ते. कुलदीपच्या वेळी दवाखान्यात एकटीला सोडून मार्केटात निघून गेले ते. सगळं जुनं, पण जपून ठेवलेलं. हळूहळू आवाज चढला. गुडघेदुखी कमी झाली म्हणायच्या, तोंडाला चव आली म्हणायच्या. मंजुषा नवऱ्याला म्हणाली, "तुझी आई अशी हसताना मी पहिल्यांदा बघतेय." पण ग्रिलमधली घाण रोज तिलाच धुवावी लागायची, आणि वासानं तिचं डोकं उठायचं. कुलदीपनं जाळीवाल्याला बोलावलं. तो मापं घ्यायला आला, तर बाळाबाई ग्रिलसमोर स्टूल टाकून बसलेल्या.

"आई, सगळ्या बिल्डिंगीला जाळ्या आहेत. टेन्शन नको घेऊ, कबुतर दुसरीकडे जाईल."

"आधी तुझ्या बापाला इचार," बाळाबाई म्हणाल्या.

जाळीवाल्यानं एकदा कुलदीपकडे बघितलं, एकदा कबुतराकडे, आणि टेप गुंडाळून चालता झाला.

बाळाबाईंचा जीव कशात अडकलाय, ते मंजुषाला हळूहळू उमगलं. सगळी भांडणं काढून झाली, की शेवटी बाळाबाई आवाज उतरवून, हात जोडून एकच गोष्ट मागायच्या. "आवं, आता तरी सुटली म्हणा. पोराला बघू द्या. नात मोठी होऊन परक्यागत व्हायच्या आत एकदा मांडीवर घेऊ द्या. मान हलवली तरी चालंल." कबुतर मान हलवायचं. पण ते दिवसभर हलवायचं, दाण्यालाही हलवायचं, कावळ्यालाही हलवायचं. त्याला कौल कसा मानायचा? बाळाबाई प्रामाणिक बाई. सोयीचा अर्थ काढला असता तर त्याच आठवड्यात कराव्याला पोचल्या असत्या. त्यांनी काढला नाही.

मे महिना लागला. एक दिवस कबुतर कुंडीतून हलेना. दाणे टाकले तरी उठेना. बाळाबाईंना काळजी वाटली, त्यांनी स्टुलावर चढून डोकावून बघितलं. कबुतर जरा सरकलं, आणि त्याच्या पोटाखाली दोन पांढरीशुभ्र अंडी दिसली.

बाळाबाई खाली उतरल्या, भांडंभर पाणी प्यायल्या आणि गावाला फोन लावला.

"वन्सं, पाखरू बाईमाणूस निघालं वं."

तिकडं वेणूबाईनं फोन ह्या कानावरून त्या कानावर घेतला. मग म्हणाली, "आसंल. देवाच्या घरी न्याव हाय. एक डाव बाईचा जल्म काढू दे त्याला. बघू दे, कसं वाटतंय ते."

हे बाळाबाईंना फार पटलं. नवऱ्याकडं बघायची त्यांची नजरच बदलली. दुपारी ग्रिल हात भाजेल इतकं तापायचं आणि ते पाखरू चोच उघडी टाकून, धापा टाकत, अंड्यांवर बसून असायचं. "बसा," बाळाबाई म्हणायच्या. "मी बसलीय अशी. आता कळंल." म्हणायच्या तसं, आणि गोणपाट ओलं करून उन्हाच्या बाजूला बांधायच्या, वाटीत गार पाणी ठेवायच्या. भांडणं जरा कमी झाली. बाळंतिणीशी कोण भांडणार?

अंड्यांतून पिल्लं निघाली. दिसायला इतकी कुरूप की मंजुषानं तोंड फिरवलं. पण तीही दुसऱ्या दिवशी बघायला आली.

पिल्लं डोळे उघडायला लागली असतील तेव्हाची गोष्ट. बाळाबाई कणीक मळत होत्या आणि ग्रिलवर धप्पकन कावळा उतरला. चांगला दांडगा. एरवी पदर हलला तरी उडून जाणारं ते कबुतर, तसूभर हललं नाही. पिल्लांवर पंख पसरून बसलं. कावळ्यानं चोच मारली, पाठीवरची पिसं उपटली, तरी उठलं नाही. दुसऱ्यांदा चोच आली तेव्हा त्यानं पंखाचा असा तडाखा दिला की कावळा मागं सरकला. तोवर बाळाबाई लाटणं घेऊन पोचल्या होत्या. कावळा उडाला. बाळाबाई लाटणं हातात धरून तिथंच उभ्या राहिल्या.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "पोटच्यासाठी जीव असा तुटतो. तुमचा आत्ता तुटला. माझा इतकी वर्षं तुटत व्हता, आन् तुमी शेजारी बसून जेवत व्हता. मला पिल्लावरनं उठवलंत तुमी. मी उठले, ही माझी चूक. हिला कुणी सांगितलं असतं तर ही उठली असती का?"

कबुतर पिसं फुलवून पिल्लांना पोटाखाली ओढून घेत होतं. त्याचं बाळाबाईंकडं लक्षही नव्हतं. त्यांना त्याची मान हलायची वाट बघायची गरज उरली नाही. आईला हे कुणाला विचारावं लागत नाही, हे त्यांना समोर दिसत होतं. त्यांनी कणकेचे हात धुतले.

"मंजुषा," त्या म्हणाल्या, "माझी मोरपंखी साडी काढ. आन् उदयचा पत्ता सांग रिक्षावाल्याला."

"मी येऊ बरोबर?"

"नको. त्येची आई एकटीच जाईल."

मोकळ्या हातानं कसं जायचं म्हणून नाक्यावर केळी घेतली, बिस्किटांचा पुडा घेतला. कराव्यात जुन्या गावठाणातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर उदयसिंह राहत होता. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी बाळाबाई थबकल्या. आजवर नवऱ्याचा शब्द मोडला नव्हता, आणि तिकडं कुंडीत बसलेल्या त्यांच्या जिवाला काही होईल ही भीती काही केल्या जात नव्हती. "होईल त्ये होईल," असं पुटपुटून त्यांनी पाय टाकला.

रविवार होता. दार सुनयनानं उघडलं. फोटोत दिसायची त्याहून सावळी, पुढचा एक दात पडलेली. तिनं बाळाबाईंना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्ही आजी ना? पण तुम्हाला तर शपथ आहे."

"तुला कुणी सांगितलं, बाळ?"

"आजोबांनी. मी त्यांना विचारायचे, आजीला का नाही आणत? तर म्हणायचे, तिला शपथ आहे."

"कुठल्या आजोबांनी?"

"जुईनगरच्या," सुनयना म्हणाली, आणि तिनं आत बोट दाखवलं.

भिंतीवर बुद्धाच्या मूर्तीशेजारी फोटो लावला होता. बाबासो ह्याच खोलीत जमिनीवर बसलेले, सुनयना त्यांच्या पाठीवर गोणीसारखी लटकलेली, आणि बाबासो तोंडभर हसताहेत. बाळाबाईंनी नवऱ्याला असं हसताना बघितलं नव्हतं. त्या दारातच खाली बसल्या.

उदयसिंह आतून आला आणि आईला बघून होता तिथं खिळला. क्रांती मागून आली, तिनं बाळाबाईंना हाताला धरून आत घेतलं, पाणी दिलं. मग उदयसिंह आईच्या पायाशी बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. सुनयना झाल्याचं कुलदीपकडून कळलं, त्याच आठवड्यात बाबा दारात उभे. नातीला बघितलं आणि रडले. मग दर शनिवारी यायला लागले.

शनिवारी बाबासो तुर्भ्याला जुन्या सोबत्यांत बसायला म्हणून जायचे. बाळाबाई त्यांना धुतलेली टोपी काढून द्यायच्या.

"आन् मला?" त्यांनी विचारलं. "माझी आठवण न्हाई झाली?"

"मी दर वेळी म्हणायचो, आईची शपथ सोडवा, तिला घेऊन या. म्हणायचे, आता कुठल्या तोंडानं सांगू? ती म्हणेल, मग इतके दिवस मला का बांधून ठेवलं? तिला काय उत्तर देऊ?" उदयसिंहानं आईचा हात धरला. "मलाही शपथ घातली, आई. तुला, कुलदीपला कळू द्यायचं नाही म्हणून. तो यायचा तेव्हा हा फोटो उतरवून ठेवायचो. शेवटच्या शनिवारीसुद्धा म्हणाले, पुढच्या वेळी नक्की आणतो तिला. आणि आधीच गेले. मी खाली उभा होतो ना त्या दिवशी, तेव्हा ही शपथच धरून उभा होतो."

बाळाबाईंच्या अंगाची आग आग झाली. पोर चालायला लागली ते ह्या माणसानं बघितलं, दात पडला तो बघितला, आणि आपण मोबाइलच्या काचेवर बोटं फिरवत बसलो. का, तर ह्याला एक शब्द परत घ्यायची लाज वाटली म्हणून. त्या रडल्या, पदर न लावता, मोठ्यानं रडल्या. उदयसिंह त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला. रडता रडता त्यांना आठवलं, की आपण तिकडं रोज हात जोडून पाखराला विनवत होतो, आणि त्यांना हसू फुटलं.

"कसलं पाखरू?" उदयसिंहानं विचारलं.

त्यांनी सांगितलं. पीठ, टोपली, कुंडी, अंडी, सगळं. क्रांतीच्या घरी आत्मा, पुनर्जन्म कुणी मानत नाही. तिनं ओठ दाबून बरंच धरून ठेवलं, पण 'वन्सं, पाखरू बाईमाणूस निघालं' इथं तिचा धीर सुटला. मग सगळेच हसले. सुनयना तर लोळली.

"मी तुला सांगून बसलो," उदयसिंह डोळे पुसत म्हणाला. "माझी शपथ मोडली."

"मोडली न्हाई. सुटली," बाळाबाई म्हणाल्या. "तुझी मी सोडवली. माझी मी सोडवली. त्यांची त्यांना बघून घेऊ दे."

जेवायची वेळ झाली होती. क्रांती जरा अडखळत म्हणाली, "आई, जेवून जाल ना? काय करू?"

काय करू, असं बाळाबाईंना कुणी विचारलं नव्हतं. घरात बाबासोंच्या आवडीचं व्हायचं. त्यांनी खरंच विचार केला.

"मासे करतीस?" त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं खाडीच्या काठाला राहिले, पर घरात कधी आणू दिले न्हाईत त्यांनी. वास येतो म्हणायचे."

क्रांती आणि उदयसिंहानं एकमेकांकडं बघितलं. बोलावं की नाही ते दोघांना ठरवता येईना. सुनयनाला तसली काही अडचण नव्हती. ती येऊन आजीच्या मांडीवर बसली.

"आजोबा तर इथं मासेच खायचे," ती म्हणाली. "दर शनिवारी. दिवाळ्याच्या कोळीवाड्यातून आई ताजे आणायची."

बाळाबाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी नातीला नीट मांडीत ओढून घेतलं, तिच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि सुनेकडं बघितलं.

"त्यांना किती तुकड्या वाढायचीस?"

"दोन," क्रांती म्हणाली.

"मला तीन वाढ."